बोटवाल्यांनो, इंजिन पाण्यात टाकायच्या आधी हे वाचा

मंडळी, पावसाळाभर उभ्या असलेल्या बोटी आता बाहेर निघतायत, तर तारकर्ली-देवबागच्या सगळ्या आउटबोर्डवाल्यांना (म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून इंजिन लावलेल्यांना) कळकळीची विनंती, आधी इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी वर खेचणारं पंपातलं चक्र, काढून बघा. तीन-चार महिने बंद राहिला की त्याची रबरी पाती वाकलेल्या आकारातच कडक होतात आणि मग पाणी वर चढतच नाही. दरवर्षी नवीन टाकला तर उत्तम, इंजिनाच्या मानाने खर्च काहीच नाही.

इंजिन चालू केलं की पहिलं मागे बघायचं, पाण्याची पिचकारी जोरात येतेय का. नसेल तर लगेच बंद! बऱ्याचदा खाली पाणी आत घेणाऱ्या जाळीत प्लास्टिकची पिशवी नाहीतर शेवाळ अडकलेलं असतं, कधी पिचकारीच्या नळीतच मीठ साचतं, बारीक तार घालून साफ करा. इंजिन तापल्याचा अलार्म वाजला तर "किनाऱ्यापर्यंत जाऊ दे" असं करू नका प्लीज, माझं हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेल्या वर्षी असंच गेलंय, आणि बोटीत माणसं होती. नांगर टाका, थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही.

आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं फ्लश. कोरडं इंजिन मात्र अर्धा मिनिटही चालवू नका.