ताण कुठल्या तासाचा?

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तू म्हणशील, आप्पांना व्हॉट्सअ‍ॅप येतं की. येतं. पण तिथे दोन निळ्या खुणा पडतात आणि पुढे काहीच येत नाही, ते बघत बसण्यापेक्षा पोस्ट बरं. वाचलंस की नाही हे कळत नाही, म्हणून जिवाला घोरही नाही.

गेल्या मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी मळ्यात होतो. मृग बहार धरायचा म्हणून मोसंबीचं पाणी त्याच दिवशी तोडलं होतं, ठिबकचे कॉक बंद करत वाकलेलो होतो. तू म्हणालीस, "आप्पा, फार ताण आहे हो." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही, बाई." तू म्हणालीस, "मी मोसंबीचं झाड नाहीये," आणि फोन ठेवलास. त्याच्या आधी तू आणखी एक वाक्य बोलली होतीस, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही म्हणून. ते कानावर पडलं दुपारी चारला, डोक्यात शिरलं रात्री अकराला. मग माझाही डोळा लागला नाही, पण ते सोड.

झोपेबद्दल पत्रात एक अक्षर काढायचं नाही, असं आईसमोर कबूल केलंय.

मला राग माझाच आला. 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, सातवीला सगळे विषय एकट्यानं शिकवले, आणि पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो ते स्वतःच विसरलो. भूगोलाच्या तासाला हवेचा दाब, तो मिलिबारमध्ये. आरोग्याच्या धड्यात रक्तदाब, तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. शाळेमागच्या खांबावर पाटी 'सावधान, उच्च दाब', तो व्होल्टमध्ये. एका पोरानं विचारलं होतं, "गुरुजी, तारेत हवा कोणत्या पंपानं भरतात?" वर्ग हसला, मी नाही हसलो. त्याचं काय चुकलं? शब्द एकच दिला आपण त्याला. पाटाला पाणी सुटलं की आवर्तन, भजनी मंडळाच्या तबल्यावरही आवर्तन, आणि तू दहावीला पाठ करत होतीस ती आवर्तसारणी. म्हणून माझा ठरलेला जबाब असायचा, आधी तास सांग, मग अर्थ सांगतो. तुला मात्र विचारलंच नाही, ताण कुठल्या तासाचा म्हणून. आपल्याच तासाचा धरून चाललो.

माझ्या तासाचा ताण तुला माहीत आहे. पाणी तोडलं की झाडाची नवी पालवी थांबते, अन्न फांदीत साठतं, पानं पिवळी पडून गळायला लागतात, आणि मग पाणी दिलं की फूल येतं. आपली जमीन भारी काळी, दीड-दोन महिने लागतात. पण त्या दिवशी मी अर्धाच धडा म्हटला. पाच वर्षांच्या आतल्या झाडाला ताण देत नाहीत. डिंक्या रोग झालेल्या, अशक्त झाडाला देत नाहीत. आणि हलक्या जमिनीत भारी जमिनीचे दिवस मोजायचे नाहीत. बांधाकडच्या मुरमाड पट्ट्यातली बारा झाडं आठवतात ना? त्यांनाही बाकीच्यांबरोबर दोन महिने कोरडं ठेवलं मी, सगळ्यांना एकच हिशोब. वाळून गेली. तोडायला माणूस लावला तेव्हा तू सुट्टीत घरी होतीस, काही बोलली नव्हतीस. मीही कोणाला सांगितलं नाही, पाऊस लांबला म्हणून गेली असं सांगत फिरलो.

नोकरीला तुला दीड वर्ष झालं. झाडाच्या हिशोबात... जाऊ दे, परत मोसंबी. माफ कर.

तुझ्या तासाचा ताण मला तूच शिकवलास. वरची खोली बांधत होतो, मिस्तरीनं छज्ज्याची जाळी खाली फळीला टेकवून बांधलेली, संध्याकाळी काँक्रीट पडणार होतं. तू इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतीस, शिडीवरून वर आलीस आणि म्हणालीस, "थांबा. सळई वर पाहिजे." मिस्तरी म्हणाला, बीमची खालीच असते, पंचवीस वर्षं करतोय. तू पाटीवर चित्र काढून दाखवलंस. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, त्याच्या एक दशांशावर तडकतं. म्हणून जिकडे ताण तिकडे सळई. दोन भिंतींवरच्या बीमला ताण मधोमध तळाला पडतो, छज्जा एकाच बाजूनं धरलेला, त्याला ताण वरून. मिस्तरी बराच वेळ चित्राकडे बघत राहिला आणि मग जाळी उचलायला लागला. माझी बहीण, तुझी फुई, खालून ओरडत होती, पोरीच्या जातीनं मिस्तरीला शिकवू नये. मी काही बोललो नाही. खरं तर मला बोलताच येत नव्हतं. तालुक्याच्या गावी ज्याला ज्याला भेटलो त्याला महिनाभर छज्ज्याची गोष्ट सांगितली आहे, आईला विचार.

आता पुण्यात एवढ्या मोठ्या इमारतींचे आकडे तुझ्या सहीनं... सही तुझी नसते हे तू समजावलं होतंस, तरी. चूक झाली तर कोणावर येते ते विचारायचं होतं. साहेब बोलतात का तुला? उशिरापर्यंत थांबवतात? रात्री किती वाजता अंथरुणाला पाठ टेकते तुझी?

विचारायचं नव्हतं. झालं विचारून.

तिसरा ताण माझ्या वाट्याला आला, हे लिहू नका म्हणाली आई, पण तुला उद्या फुईकडून कळणार. जिना चढताना धाप लागायची म्हणून जळगावला डॉक्टरांनी चालत्या पट्ट्यावर चालवलं, त्याला ते स्ट्रेस टेस्ट म्हणतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला. भैय्यानं अंगणात येऊन मोठ्यानं तेच वाचलं आणि फुईनं जो गळा काढला, शेजारपाजार गोळा झाला. करोनात अख्ख्या गावाला कळलं होतं, निगेटिव्ह म्हणजे सुटलो, पण फुईच्या घरात निगेटिव्ह म्हणजे वाईटच. तर घाबरू नकोस. गोळी एकच आहे, तीही रक्तदाबाची.

आजी असती तर तिनं मला बरोबर झाडलं असतं. तू नववीत 'कार्य आणि ऊर्जा' पाठ करत ओट्यावर बसली होतीस, ती मळ्यातून चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन आली. तू म्हणालीस, "आजी, वजन खाली ओढतं आणि तू चाललीस आडवी. सपाट रस्त्यावर भाऱ्यावर केलेलं कार्य शून्य." तिनं भारा टाकला, घाम पुसला आणि म्हणाली, "मंग आज तुनी भाकर बी शून्य." मी तुला पाठीशी घातलं, पुस्तकात तसंच आहे म्हणालो. पुस्तकात तसंच आहे. पण त्या संध्याकाळी तिची मान रात्रभर दुखली आणि आईनं तेल चोळलं. तिच्यासाठी कार्य म्हणजे फुईचं लग्न. ते घरचं पहिलं कार्य, असंच म्हणायची ती. तू बारावीला असताना तिचं उत्तरकार्य झालं. पत्रिकेत तो शब्द छापून आला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. आपण दोघंही काही बोललो नाही.

नोकरी सोडून येऊ का, असं तू विचारलं होतंस. मी ऐकलंच नाही असं दाखवलं, कारण दीड वर्षापूर्वी गावभर पेढे वाटलेत मी. हे लिहिताना लाज वाटते आहे. ये म्हणू की राहा म्हणू, मला ठरवता येत नाही. राहिलीस तर राहा, आलीस तर तुझी खोली आहे, छज्जा भक्कम आहे.

आईनं कळण्याचं पीठ आणि बिबडे बांधून ठेवलेत. भरताची वांगी टिकणार नाहीत म्हणून ठेवली, तर ती रोज उचलून बघते आहे.

आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आली. एकदा वर्गात 49 चं मूळ विचारलं, तर मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली होती, "मूय ते आखाजीले येस, गुरुजी." तिला अर्धा गुण दिला होता मी, पुस्तकात नव्हतं तरी. तू काही सासरी गेलेली नाहीस, पण लेकीला माहेरी आणायला माणूस जातो तसं मूळ पाठवतो आहे. भैय्या आखाजीच्या आधीच्या शुक्रवारी पाचोऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघेल. चार दिवस सुट्टी मिळाली तर त्याच्याबरोबर ये, नाही मिळाली तर डबा घे आणि त्याला परत पाठव. चिंचेला झोका बांधून ठेवतो. जुना दोर ओढून बघितला, विरला आहे, नवा आणला.

त्याला तुझ्याकडे एक रात्र राहू दे. झोपतेस की नाही ते तो मला सांगेल.

तुझा,
आप्पा