दोन डी. डी. कोसंबी आणि कॅटलॉगिंगच्या मॅडम

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी (कॅटलॉगिंग) करता; त्या कामात मला केलेल्या मदतीबद्दल तुमचे आभार समोरासमोर मानायला गेले की तुम्ही "अहो, आमचं रोजचंच काम आहे हे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिलेलं पत्र. नाव मुद्दाम घातलेलं नाही. तुमच्या ग्रंथालयातल्या लोकांना ते कळेलच.

गोव्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयासाठी मी कोसंबी पितापुत्रांच्या लेखनाची यादी करत होते. वडील धर्मानंद दामोदर, मुलगा दामोदर धर्मानंद. आद्याक्षरं घेतली की दोघेही डी. डी. कोसंबी! नातवाला आजोबांचं नाव आणि मधे बापाचं नाव, हा आपला रिवाज, त्याला कोण काय करणार? बरं, नावापलीकडची माहिती घेऊन वेगळे करावेत तर तीही एकमेकांत गुंतलेली. दोघांचा जन्म गोव्यातला. दोघांचा हार्वर्डशी संबंध. दोघांनीही पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवलं, वडिलांनी पाली आणि मुलाने गणित. दोघांनीही प्राचीन भारतावर लिहिलं. 'फर्ग्युसनचे प्रा. डी. डी. कोसंबी' एवढ्यावरून काही म्हणजे काही ठरत नाही.

माझ्या हाती आलेल्या एका यादीत 'निवेदन' हे धर्मानंदांचं १९२४ सालचं आत्मचरित्र खुशाल मुलाच्या नावावर टाकलेलं होतं. मुलाचा जन्म १९०७चा. जेमतेम सतराव्या वर्षी आत्मचरित्र!

ते तर हसून सोडून देता आलं. खरी अडचण हार्वर्ड ओरिएंटल सिरीज या हार्वर्डच्या ग्रंथमालेची होती. त्या मालेचा ४१वा खंड 'विसुद्धिमग्ग' हा पाली बौद्ध ग्रंथ, १९५०चा. ४२वा 'सुभाषितरत्नकोश' हा संस्कृत सुभाषितांचा संग्रह, १९५७चा. लागोपाठचे खंड, आणि यादीत दोन्हींपुढे नुसतं 'कोसंबी, डी.' धर्मानंद १९४७मध्ये गेले, म्हणजे १९५०चं पुस्तक मुलाचंच, असा हिशेब कुणीही केला असता. तुम्ही हिशेब केला नाहीत, पुस्तक मागवलंत. टायटल पेज उघडलंत आणि नखाने ओळ दाखवलीत: मूळ संपादन वॉरन यांचं, ते तपासून सुधारलं धर्मानंद कोसंबींनी. म्हणजे वडिलांचंच काम, त्यांच्या मागे छापून आलेलं. पुढचा खंड दामोदररावांनी गोखल्यांबरोबर संपादित केलेला. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर जायची ती अशी वाचली.

मग तुम्ही राजवाड्यांचं उदाहरण दिलंत, ते मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ आणि त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ. मराठीत वि. का. आणि वै. का., म्हणजे निदान एका मात्रेचा फरक. इंग्रजी पुस्तकावर दोघेही व्ही. के. यास्काच्या निरुक्ताची (वैदिक शब्दांचा अर्थ सांगणारा जुना ग्रंथ) पुण्याच्या भांडारकर संस्थेची १९४०ची आवृत्ती ही वैजनाथांची. इतिहासाचार्य १९२६मध्येच गेले होते. इथे सालाचा पुरावा बरोबर दिशेला नेतो, कोसंबींच्या वेळी नेमका उलट्या. म्हणून नुसत्या सालावर विसंबायचं नाही, असं म्हणून तुम्ही चहा मागवलात.

कॉम्प्युटरवर तुम्ही उघडून दाखवलेली नावाची नोंद मला फार आवडली. १०० क्रमांकाच्या ओळीत त्या माणसाचं ठरवलेलं नाव, बहुधा जन्म-मृत्यूच्या सालांसकट. ४००च्या ओळींत त्याच नावाची बाकीची रूपं, म्हणजे वाचक कुठल्याही स्पेलिंगने आला तरी मुक्कामी पोचतो. आणि ६७०च्या ओळीत ही माहिती कुठून मिळाली, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर, ते. आपल्याकडच्या चरित्रलेखनात ही ६७०ची ओळ सक्तीची केली तर निम्म्या दंतकथा जागीच गळतील, असं माझं मत. (तुम्ही यावर फक्त हसलात.) साल मिळालं नाही तर आद्याक्षरांचं पूर्ण रूप, तेही नसेल तर व्यवसाय किंवा पदवी, असं एकेक करत तुम्ही दोन माणसं वेगळी काढता. एकाच माणसाची दोन नावं असली तर त्यांची एकमेकांशी गाठ घालून देता. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज ही जोडी आम्हाला पाठ असते. पण दामोदररावांनी गणितातले काही निबंध 'एस. डुक्रे' या नावाने छापले होते, हे किती जणांना ठाऊक असतं?

सगळ्यात जास्त आभार मात्र तुम्ही दिलेल्या नकाराचे. एका मासिकातून फाडून ठेवलेला बौद्ध धर्मावरचा लेख मी आणला होता. खाली नुसतं 'कोसंबी', साल नाही, अंक नाही. विषयावरून वडिलांचाच, असं मी दामटून म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "असेलही. पण विषय म्हणजे सही नव्हे." आणि तो दोघांपैकी कुणाच्याही नावावर चढू दिला नाहीत. तेव्हा थोडा राग आला होता, खरं सांगते. आता वाटतं की अंदाजपंचे टाकलेलं एक नाव पुढे दहा याद्यांत उतरलं असतं आणि मग ते पुसायला कोण बसणार होतं?

यादी पूर्ण झाली आहे. वडिलांची पुस्तकं वेगळी, मुलाची वेगळी, प्रत्येकापुढे आपण कुठे पाहिलं ते लिहिलंय, आणि शेवटी 'कर्ता अनिश्चित' या मथळ्याखाली तो एकटा लेख. एक प्रत कुरिअरने पाठवली आहे. सवडीने पाहा आणि समासात पेन्सिलीने खुशाल खुणा करा, फक्त लेखाचं ते कात्रण परत पाठवा. त्या मासिकाच्या जुन्या फायली मडगावात एकांकडे असल्याचं कळलंय, तिथे जाऊन ताडून बघणार आहे.

आपली,
वाचनालयाची यादीवाली