रोज नको, महिन्याने विचार

चोपडा,
दि. ५ एप्रिल

चि. पराग यास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, कालच तर बरं वाटतंय म्हणालीस, आज पुन्हा तेच. मग या औषधाचा उपयोग काय? बंद कर ना." तुझे बाबा शेजारीच बसलेले होते आणि गॅसवर कुकर होता, म्हणून मी विषय बदलला. पाळी, पाळी जाणे, हे शब्द आपल्या घरात मुलासमोर कोणी तोंडाने उच्चारलेले नाहीत. तुझ्या ताईला मी सगळे सांगितले आहे. पण रोज रात्री नऊ वाजता काळजीने विचारणारा तू आहेस, तेव्हा तुलाही नीट कळायला हवे.

दिवाळीत शेव तळताना माझ्या हातून एक घाणा करपला. "आई, तू हल्ली फार चिडतेस," एवढेच तू म्हणालास आणि मी हातातला झारा ओट्यावर आपटला. तू ताट तसेच ठेवून उठून गेलास. त्या क्षणी छातीतून एक आग निघून मानेवर, मानेवरून कानशिलांपर्यंत चढत होती, केसांच्या मुळांत घाम फुटला होता, आणि समोर कढईतले तेल होते. ही सबब नव्हे. मी तुझ्याशी तसे वागायला नको होते. पण तो राग केवळ स्वभावातून आला नव्हता, एवढे मला आता कळते.

त्याआधी मी इथल्या एका डॉक्टरांकडे जाऊन आले होते. "वयाचं आहे, सगळ्यांनाच होतं," असे म्हणून त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. तुझ्या आत्याचेही मत तेच, फक्त अहिराणीत: "बाईनी जातले हाई भोगनंच पडस." मीही तसेच समजून गप्प बसले असते, पण जानेवारीतल्या एका रात्री, सगळे गाव गोधड्यांत गुरफटलेले असताना, दोन वाजता मी अंगणातल्या ओट्यावर पातळ साडीत घामाने भिजून उभी होते, आणि पाच मिनिटांनी तिथेच थंडीने कुडकुडू लागले. तुझे बाबा शाल घेऊन बाहेर आले. काही न बोलता बसले, आणि सकाळी म्हणाले, "जळगावला जाऊ." त्याच आठवड्यात पाचवीच्या वर्गात फळ्यासमोर मला 'अपूर्णांक' हा शब्द आठवेना. चोवीस वर्षे गणित शिकवणाऱ्या बाईला! मुलांनी सांगितला.

जळगावच्या डॉक्टर बाईंनी अर्धा तास दिला. पाळी सलग बारा महिने आली नाही, की मग रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. आपल्याकडे ते सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास होते. मी अठ्ठेचाळीसची असले तरी माझी पाळी अजून तीन-चार महिन्यांनी केव्हातरी येते, म्हणजे मी अजून त्या वाटेवरच आहे. या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक हळूहळू, शहाण्यासारखे कमी होत नाही. कधी एकदम वर जाते, कधी तळाला जाते. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारी जी जागा आहे, ती त्यामुळे इतकी हळवी होते, की तापमान किंचित वाढले तरी ती घाम काढून अंग थंड करायला धावते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू केळीच्या मळ्यात वाढलास, म्हणून तसेच सांगते. माझे औषध, म्हणजे त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेनचे जेल, हे ठिबक आहे: रोज मोजून, सारखे. माझ्या शरीरातले उरलेसुरले इस्ट्रोजेन म्हणजे आपल्याकडचा पाऊस आहे. त्याचा भरवसा नाही. ज्या दिवशी ठिबक चालू असताना पाऊसही कोसळतो, त्या दिवशी स्तन दुखतात, डोके जड होते. आणि ज्या आठवड्यात पावसाचा टिपूसही नसतो, त्या आठवड्यात तेवढे ठिबक पुरत नाही आणि घाम पुन्हा फुटतो. ठिबक तेच असते. त्यात भर म्हणजे दुसरे औषध, प्रोजेस्टेरॉन, मला महिन्यातले बारा दिवसच रात्री घ्यायचे आहे, दोनशे मिलिग्रॅम. गर्भाशय असलेल्या बाईला नुसते इस्ट्रोजेन दिले, तर आतले अस्तर वाढत जाऊन धोका होऊ शकतो, म्हणून ते लागते. त्याने झोप छान लागते, पण त्या बारा दिवसांत सकाळी मला सुस्ती असते आणि मन उगीचच भरून येते. तू नेमका त्या दिवसांत फोन केलास, की म्हणतोस, "आवाज असा का?"

मी शाळेच्या जुन्या हजेरीपटात नोंद ठेवते आहे. औषधापूर्वी दिवसाला नऊ-दहा वेळा आग उठायची. तिसऱ्या आठवड्यात ती चारवर आली, पाचव्यात दोनवर. सातव्या आठवड्यात पुन्हा सात. त्या सातच्या आकड्याने मी घाबरले आणि एक चूक केली: कोणाला न विचारता जेलचे एक माप लावायचे ते दोन लावले, तेही चार दिवस. डोके असे ठणकले की पाचव्या दिवशी बाईंना फोन करून कबुली द्यावी लागली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मात्रा बसायला तीन महिने द्यावे लागतात, तोवर थोडे डागही दिसू शकतात. मात्रा वाढवायची की नाही ते तीन महिन्यांची वही बघून ठरवू. आणि डाग त्यानंतरही राहिले किंवा जास्त रक्त गेले, तर मात्र लगेच यायचे. आज नववा आठवडा संपला आणि कालचा आकडा तीन आहे. उद्या पाच असेल, तर तो पाच असू दे.

अशा औषधाने कर्करोग होतो, असा जो मजकूर तू पाठवलास, तो मी छापून बाईंपुढे ठेवला. तो २००२ साली थांबवलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाविषयी होता. त्यातल्या बायकांचे सरासरी वय त्रेसष्ट होते आणि औषध वेगळ्या प्रकारचे, तोंडाने घ्यायचे होते. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण दर दहा हजार बायकांमागे वर्षाला सुमारे आठने जास्त आढळले. धोका नाहीच, असे बाई म्हणाल्या नाहीत, आणि ते मला आवडले. त्यांनी मॅमोग्राफी, सोनोग्राफी, रक्तदाब, घरात कोणाला स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होत्या का, हे सगळे पाहून-विचारूनच औषध लिहिले. त्वचेतून जाणारे इस्ट्रोजेन गोळीसारखे आधी यकृतातून जात नाही, म्हणून गुठळ्यांचा धोका गोळीइतका वाढत नाही, हे जेल निवडण्याचे कारण. दर वर्षी पुन्हा हिशेब करायचा आहे.

म्हणून तुला एकच विनंती. रोज "आज कसं आहे?" असे विचारू नकोस. रोज विचारलेस की मलाही रोज निकाल लावावा लागतो, आणि वाईट दिवशी तुला वाईट वाटू नये म्हणून मी खोटे बोलते. महिन्याने विचार, मी हजेरीपट उघडून सांगेन. एरवी फोनवर तुझ्या मेसच्या भाजीविषयी बोल.

अख्खाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू येशील तेव्हा इथे उन्हाचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास असेल. यंदा चुलीपुढे बसून खापरावरच्या पुरणपोळ्या मी करणार नाही. आत्याकडून येतील. शेवभाजीचा काळा मसालाही निम्मा असेल. तिखट आणि उकळता चहा, दोन्हींनी माझी आग हमखास उठते, हे वहीतच दिसले. कूलर रात्रभर माझ्या बाजूला राहील, तू बाबांच्या बाजूला झोप.

आणि एक काम. ते जेल इथे वेळेवर मिळत नाही, जळगावहून मागवावे लागते. चिठ्ठीचा फोटो पाठवते आहे. पुण्याहून दोन नळ्या घेऊन ये. दुकानात नाव घ्यायला संकोच वाटला तर फोटोच पुढे कर. एसटीत खिडकीच्या उन्हात पिशवी ठेवू नकोस, नळ्या कपड्यांच्या मधोमध ठेव.

तुझी
आई