सूचना: शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा सत्कार

टेनिस संघातील सर्वांसाठी,

येत्या शनिवारी आपल्या कोर्टवर मोसमातला शेवटचा सामना आहे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या खेळाडूंचा सत्कार सामन्याआधीच, सकाळी साडेआठला, कोर्ट क्रमांक 1 वर होईल. एकदा दुहेरी सुरू झाली की कोणीच मोकळं सापडत नाही!

- सर्वांनी 8 वाजता संघाच्या पोशाखात हजर राहावे.
- ज्युनिअर्सनी प्रत्येकी दोन मिनिटं बोलायचं. ट्रॉफ्यांची यादी नको. 6-6 च्या टायब्रेकमध्ये, दुसऱ्या सर्व्हिसला हात थरथरत असताना या सीनिअर्सनी तुम्हाला कसा धीर दिला, ते सांगा.
- पालकांना कळवा. रॅली चालू असताना टाळ्या नकोत.

हरलेल्या दिवशीही नेट सैल करून, चेंडू मोजून मगच ही मंडळी घरी गेली. मला त्याचंच जास्त कौतुक आहे.

सह्यांसाठी मार्कर मी आणतो.

– प्रशिक्षक