उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसेन

ती. बाबा आणि सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र दादा मोठ्या अक्षरात छापून आणेल, पण बाबांनी ते वाचायचा प्रयत्न करायचा नाही. आई, तू वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते. बाबांच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी येऊ शकत नाही. तारीख मात्र बदलायची नाही, ठरल्या दिवशीच ऑपरेशन करून घ्यायचं. मी इथे अमेरिकेत ज्यूरीत, म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांत, निवडले गेले आहे. खटला तीनेक आठवडे चालेल असं जजसाहेबांनी सांगितलंय. तो संपला की निघते. तिकीट पुढचं करून घेतलंय, तुळशीच्या लग्नाला मी घरात असेन. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई नुसतं ‘बरं, बरं’ म्हणते, बाबा रिसीव्हर दादाकडे देतात, आणि मला काय म्हणायचंय ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

ज्यूरीचं समन्स पहिल्यांदा आलं ते आईच्या गुडघ्याच्या वेळी. मॅसॅच्युसेट्समध्ये एकदा तारीख पुढे घेता येते, वर्षभरातली आपल्याला सोयीची. ती सवलत मी तेव्हा वापरली, आणि आईला काठीशिवाय गच्चीवर चढताना पाहिलं तेव्हा ती सार्थकी लागली असंच वाटलं. त्यामुळे या खेपेला हजर राहणं भाग होतं. तरी तुम्हाला आधी बोलले नाही, कारण इथे ‘एक दिवस किंवा एक खटला’ असा नियम आहे. सकाळी आठला जायचं, त्या दिवशी निवड झाली नाही तर दुपारपर्यंत घरी, आणि मग तीन वर्षं कोणी बोलावत नाही. बहुतेकांचं एका दिवसातच आटपतं. मीही तोच हिशेब धरून शनिवारचं तिकीट काढलं होतं. पर्समध्ये त्याचा कागदही होता.

आता पुढचं बाबांनी नीट ऐकावं.

वोबर्नच्या कोर्टात आम्हाला सगळ्यांना एका मोठ्या दालनात नेलं. जजसाहेबांनी विचारलं, तीन आठवडे थांबणं ज्यांना अगदीच अशक्य आहे त्यांनी हात वर करा. एकेकाला पुढे बोलावून हळू आवाजात बोलत होते, कुणाचा पाणउतारा नाही की उलटतपासणी नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ स्वतःचा एकच ट्रक चालवणारे, ट्रक उभा तर चूल बंद. त्यांना सोडलं. पलीकडे वृद्धाश्रमात काम करणारी एक बाई होती. कायद्याने मालकाला पहिले तीन दिवस नेहमीचा पगार द्यावा लागतो, चौथ्या दिवसापासून राज्य सरकार रोजचे 50 डॉलर देतं. त्या पैशांत बोस्टनच्या आसपास घरभाडंसुद्धा निघत नाही. तिलाही सोडलं, आणि सोडायलाच हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते दालन रिकामं होत गेलं. उरले कोण, तर निवृत्त लोक आणि माझ्यासारखे महिन्याचा पगार ठरलेले. आमचं हॉस्पिटल खटला कितीही दिवस चालो, पूर्ण पगार देतं. माझ्यासारख्या चेहऱ्याची माणसं तर तिथे बोटांवर मोजण्याइतकी होती. वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे असं म्हटलं असतं तर त्यांनी मलाही जाऊ दिलं असतं, याची मला खात्री आहे. मी हात वर केला नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, ज्यूरी म्हणजे नानावटी खटला. तुमची ती गोष्ट मला पाठ आहे. 1959 साल, खुनाचा आरोप, नऊजणांची ज्यूरी, आठ विरुद्ध एक असा निर्दोष म्हणून कौल. सेशन्स जज रतिलाल मेहतांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. वर्तमानपत्रं वाचून न्याय करणारी माणसं, असं तुम्ही म्हणायचात. म्हणूनच इथे पहिल्या दिवसापासून आम्हाला बजावलंय की या प्रकरणाबद्दल काही वाचायचं नाही, शोधायचं नाही, घरातही बोलायचं नाही.

पण दुसरी गोष्टही तुम्हीच सांगितली होती. मी सातवीत असताना मुंबईला हायकोर्टात नेऊन टिळकांच्या उद्गारांची संगमरवरी पाटी दाखवलीत. पाटीवरचं इंग्रजी मला धड कळलं नव्हतं, तुम्ही बोट ठेवून एकेक ओळ समजावून सांगितलीत. 1908 सालची ती ज्यूरीही नऊजणांचीच, सात युरोपियन आणि दोन पारशी, आणि कौल सात विरुद्ध दोन. खटला होता ‘केसरी’तल्या मराठी अग्रलेखांवर आणि निवाडा करायला बसलेल्यांपैकी बहुतेकांना मराठी येत नव्हतं. भाषांतरावरून एका माणसाला सहा वर्षं मंडालेला पाठवलं. ही माणसं तिथे बसलीच कशी, असं मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, बसवणाऱ्यांनी बसवली. त्या दालनात मला हेच आठवत होतं. इथे कुणी कुणाला मुद्दाम बसवत नाही, चिठ्ठ्यांसारखी नावं निघतात. पण ज्यांना जमतं त्यांनीही काढता पाय घेतला तर शेवटी बाकावर तीच ती एका साच्यातली माणसं उरणार, आणि समोर उभा असलेला माणूस त्यांना अनोळखीच राहणार. इथे अशा फौजदारी खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं. त्या बारांतलं एकेक माणूस मोलाचं आहे, बाबा.

शाळा सुटली की मी तुमच्या कोर्टात येऊन बसायचे. लाल रुमालात बांधलेली दप्तरं, लाखेचा आणि खळीचा वास, बेलिफाने व्हरांड्यात तीनदा दिलेला पुकारा. पाटणहून, मेढ्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या बायका झाडाखाली भाकरी सोडून बसायच्या आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत जायच्या. पंचनाम्याला पंच मिळत नाहीत, साक्षीदार फितूर होतात, ज्यानं पाहिलं तोच ‘मी नव्हतो’ म्हणतो, असं म्हणत तुम्ही जेवायला बसायचात, आणि मग आई विषय बदलायची. वाईच्या त्या प्रकरणाबद्दल आपण घरात बोलत नाही, मीही बोलत नाही. पण त्या रात्री तुम्ही अंगणात किती वेळ उभे होतात ते मी खिडकीतून पाहिलं होतं. एकाही माणसाने खरं सांगितलं असतं तर, हे तुमचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आणि दादाच्या मुंजीच्या आदल्या दिवशी घरात मांडव पडलेला असताना तुम्ही सेशन्सचं कामकाज आहे म्हणून संध्याकाळपर्यंत कोर्टात होतात. आई, तू तेव्हा रागावली होतीस. पण रात्री ताट वाढून ठेवलंस तेव्हा, त्यांच्याशिवाय तिथं चालत नाही गं, असं मलाच सांगितलंस.

मी इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा बाबा फारसं बोलले नाहीत. त्यांना काय वाटलं ते मला कळलं होतं, आणि ते आजही माझ्या मनात आहे. पण इथे राहायचं, कर भरायचा, ओजसला इथल्या शाळेत घालायचं आणि जबाबदारी आली की मी पाहुणी म्हणायचं, हे तुमच्या मुलीला जमणार नाही. ज्यूरीत बसायला नागरिकच लागतो. इतक्या वर्षांत मत देण्यापलीकडे या देशाने माझ्याकडे प्रथमच काही मागितलं आहे.

माझी काळजी अजिबात करू नका. कोर्ट चारच्या सुमाराला सुटतं. लॅबमधल्या दोघींनी माझ्या पाळ्या वाटून घेतल्या आहेत, राहिलेलं काम मी शनिवारी जाऊन उरकते. ओजसला शाळेतून संदीप आणतो. आई, तो वरणभात लावायला शिकलाय, फोडणीसुद्धा जमते. मी जेवते, वेळेवर झोपते. बाहेर थंडी सुरू झाली आहे, तू विणलेला निळा स्वेटर रोज घालते, कोर्टात एसी फार असतो.

आता तुमच्याकडचं. दादा ऑपरेशनच्या आदल्या रात्रीच पुण्याहून येतोय आणि आठवडाभर राहणार आहे. वहिनी रविवारी येईल. डब्याचं मी बोलून ठेवलंय, दोन्ही वेळच्या पोळ्या, भाजी, बाबांना बिनगुळाची आमटी, महिन्याचे पैसे पोचले आहेत, त्यामुळे आईने गॅससमोर उभं राहायचं नाही. गरम पाण्याच्या बंबाऐवजी गीझर लावायला माणूस येईल, नको म्हणून त्याला परत पाठवू नका.

बाबा, पहिल्या डोळ्याच्या वेळी मी होते म्हणून तुम्ही ऐकलंत. या वेळीही तसंच वागायचं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून अंघोळ नाही. खाली वाकून चप्पल शोधायची नाही, बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही. झोपताना डोळ्यावर ती प्लास्टिकची वाटी हवीच. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची, लगेच दुसरा घातला तर पहिला वाहून जातो. आईचा हात थरथरतो, तेव्हा थेंब दादा घालेल, आणि तो नसताना शेजारच्या जोशीकाकू येणार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. डोळा दुखला, लाल झाला किंवा दिसायला कमी आलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्री असेल तरी डॉक्टरांना फोन. आणि साखर आधी तपासून घ्या. पेढ्यांचा पुडा जोशीकाकूंकडे देऊन टाका, मला ठाऊक आहे तो देवघराच्या खणात असतो.

‘ऐक्य’ आई वाचून दाखवेल. अग्रलेखसुद्धा, आई, कंटाळा करू नकोस.

आई, तू मला ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणशील. पण आपलं घर त्याच पायरीवर चाललं, माझी फीसुद्धा तिथूनच आली. तू मनात राग धरणार नाहीस हे मला माहीत आहे. फक्त त्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तू एकटी बाकावर बसशील, ते डोळ्यांपुढे आलं की मला फार भरून येतं. दादाला सांगितलंय, तुझा हात धरून बसायचं, मोबाइल बघत बसायचं नाही.

एक विनंती बाबांना. खटल्याबद्दल काही विचारायचं नाही. फौजदारी आहे, एवढंच सांगते. कोर्टात कोण काय बोललं, आरोपी कसा दिसतो, वकील कसा आहे, काही नाही. तुम्हाला राहवणार नाही हे मला माहीत आहे. संपल्यावर घरी आले की झोपाळ्यावर बसून मला बोलायची मोकळीक असेल तेवढं सगळं सांगेन, आणि तुम्ही मला कुठे काय चुकलं ते सांगा. कदाचित शेवटी चिठ्ठीत माझं नाव राखीव म्हणून निघेल आणि निर्णयाच्या खोलीत जायला मिळणारही नाही. तरी शेवटपर्यंत हजर राहायचंच आहे.

इथले सकाळचे सहा म्हणजे तुमचे दुपारचे साडेतीन. रोज त्या वेळेला मी फोन करेन, दुपारची झोप आटपून ठेवा. ऑपरेशनच्या दिवशी मी रात्रभर जागीच आहे, दादाने थिएटरमधून बाहेर आणल्या आणल्या फोन लावायचा, इकडे कितीही वाजलेले असोत. कोर्टात फोन बंद असतो, तेव्हा उचलला नाही तर घाबरू नका, संदीपला करा. बाबांची जुनी औषधं आणि डिस्चार्जचे कागद हिरव्या फाइलमध्ये आहेत, कपाटात वरच्या कप्प्यात, ती फाइल आदल्या रात्रीच पिशवीत टाका.

तुमची लाडकी,
मनू