मळीच्या रानाबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, नदीकाठचं मळीचं रान भराव घालायला देऊन टाक. दरसाल बुडतंय, त्यात किती जीव घालशील?" मी गप्प बसले. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

2019 च्या पुरातलं तुला आठवत असतील त्या म्हशी आणि सोप्यात शिरलेलं पाणी. मला आठवतो तो पाणी ओसरल्यानंतरचा दिवस. आप्पा आणि मी गुडघाभर चिखलातून मळीत गेलो. लांबून ऊस उभा दिसत होता, वाटलं वाचला. आप्पांनी एका उसाचा पोंगा, शेंड्याची कोवळी पानं, धरला, तर जोर न लावताच तो हातात आला. बुडाला कुजलेला, आत गाळ, आणि असा वास की पदर नाकाला लावावा लागला. दुसरा धरला, तोही तसाच. दहा-बारा बघितले आणि आप्पा बांधावर बसले. पुढं त्या उसाच्या कांड्यांना पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटल्या, आतून सगळा पोकळ. 2005 सारखं पाणी आयुष्यात परत दिसणार नाही म्हणायचे ते. 2019 ला पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 ला, 56 च्याही वर.

अरबी समुद्र तापलाय, वाफ जास्त, म्हणून पाऊस एकदम कोसळतो, हे तूच मला समजावलंस. मी ते रानात बघते. पुनर्वसूचा तरणा पाऊस कोरडा जातो आणि पुष्याच्या म्हाताऱ्यात नाहीतर आश्लेषात महिन्याचा पाऊस चार दिवसांत पडतो. 2025 ला तर मे महिन्यातच एवढा पडला की रानाला वाफसाच येईना, माती कामाजोगी सुकेचना, मशागत करायची कशी? नक्षत्रावर हिशेब बांधणारी आम्ही माणसं, आता रोज पंचगंगेची फुटं बघतो. 39 इशारा, 43 धोका. आपल्या मळीत त्याच्या आधीच पाणी येतं, म्हणून राधानगरीचे दरवाजे उघडल्याचं कळलं की मी पहिली मोटर काढायला लावते.

पण रान बुडतं म्हणजे वाया गेलं, हे मला पटत नाही. चुकत होतं ते आपलं वेळापत्रक. आपण सुरूची, जानेवारी-फेब्रुवारीतली, लागण करायचो, म्हणजे पूर येतो तेव्हा ऊस सहा महिन्यांचा, पोंग्यासकट पाण्याखाली. आता अगदी नदीकडच्या तुकड्यात मी ऊसच लावत नाही. हत्तीगवत आहे, आणि पाणी ओसरल्यावर गाळाच्या ओलीवर हरभरा. पाणी न देता येतो, तुला मागच्या वेळी डहाळे पाठवले होते ते तिथलेच. वरच्या पट्ट्यात ऊस आहे, पण पूर्वहंगामी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचा. नऊ महिन्यांचा झाला की नेहमीच्या पुरात त्याचा शेंडा पाण्याच्या वर राहतो. 56 फुटांना काहीच वाचणार नाही, ते मला माहीत आहे.

अडचण एकच, पुरानंतर वाफसा यायला दिवाळी उजाडते. म्हणून आता कांडी न लावता रोपं लावायची. सध्या परसात ट्रे मांडलेत, कोकोपीटमध्ये उसाचा एकेक डोळा, वर तोंड करून. सकाळी हात लावला तर काल नव्हती अशी हिरवी टोकं बोटाला टोचतात. रानाला वाफसा येईपर्यंत रोप महिन्याचं होईल, तेवढे दिवस आपले वाचले. माळावरच्या रानात ठिबक आहे आणि खोडव्यातलं पाचट, उसाचा वाळका पाला, मी पेटवू देत नाही. उन्हाळ्यात पाचट उचलून बघ, खाली माती ओली असते.

आता भरावाचं. पैसे चांगले देतोय तो माणूस, ते मी नाकारत नाही, तुझ्या घराचे हप्तेही मला ठाऊक आहेत. पण आपल्या 30 गुंठ्यांत जे पाणी पसरतं ते भराव घातल्यावर कुठं जाईल? खालच्या गल्लीत. 2021 ला त्या घरांच्या भिंती पडलेल्या मी बघितल्यात. तिथल्याच बायका माझ्याबरोबर भांगलायला येतात, पुराच्या रात्री आपल्या म्हशी हलवायला त्यांचीच पोरं कंबरभर पाण्यात उतरली होती. त्यांच्या दारात मी पाणी ढकलू शकत नाही रे.

सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय त्याला उत्तर दिलेलं नाही. तो सोमवारी येणार आहे. त्याच्या आत फोन कर. आणि दिवाळीला दोन दिवस जास्त रजा काढ, लागणीला माणसं मिळत नाहीत.

तुझी,
आई