पावसाआधी एवढं कराच

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "चिऱ्यांचं घर, त्याला कसला विमा?" मी गप्प बसले, पण रात्रभर डोळा लागला नाही. मे 2021 च्या तौक्ते वादळात शेजारचा आंबा आपल्या पडवीवर कोसळला. वासे मोडले, कौलं फुटली, सगळं तुम्ही पेन्शनमधून उभं केलंत. दोनच महिन्यांनी, 23 जुलैला म्हादई नदी चढली आणि सत्तरी तालुक्यात कितीतरी घरांच्या भिंती बसल्या. आपल्या स्वयंपाकघराची मागची भिंत अजून मातीचीच आहे, आणि आई दिवसभर तिथंच असते.

त्याच वर्षी 1 एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी सुरू झाली होती. म्हणजे आंबा पडला तेव्हा ती मिळत होती, आपल्याला ठाऊक नव्हती. याची मला आजही फार हळहळ वाटते. आग, वीज, वादळ, पूर, दरड, भूकंप हे सगळं तिच्यात येतं.

विम्याची रक्कम मात्र जमिनीच्या भावावरून धरू नका. आपल्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आलाय, पण पुरात जमीन जात नाही, घर जातं. तेच घर आज नव्यानं बांधायला काय लागेल, ते गवंड्याला विचारा. समजा 1000 चौरस फूट, फुटाला 2000 रुपये, तर 20 लाख. त्याच्या 20 टक्के, म्हणजे 4 लाख, घरातल्या सामानाला आपोआप मिळतात, यादी न देता. आईच्या पाटल्या त्यात धरत नाहीत, त्या वेगळ्या लिहून द्याव्या लागतात. एरवीची चोरीही नाही, फक्त अशा आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली. वर्षानुवर्षांच्या ओलीनं खचलेल्या भिंतीचे पैसे तर कोणी देणार नाही. म्हणून मागची भिंत जूनआधी बांधून घेऊ, खर्च मी करते. तोवर अर्जात ती मातीची आहे असंच लिहा.

घर अजून आजोबांच्या नावावर आहे. वादळानंतर विम्याच्या ऑफिसात "घर कोणाचं?" असं विचारलं तर तुम्ही दोघं काय दाखवणार? घराच्या नावाबद्दल काकांशी या आठवड्यात बोला, बाबा.

मी 20 तारखेला येते. घरपट्टीची पावती आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा कपाटातून काढून ठेवा. खोल्यांचे फोटो मी काढीन.

तुमची,
ताई